नोरा नांदेडातच राहिली

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती काय काय पडू देऊ नये, याची एक यादी आमच्या हिनं केव्हाच करून ठेवली आहे. तीत हातोडी आहे, कुकरची शिट्टी आहे, पाण्याच्या मोटारीचं बटण आहे, नातीच्या वेणीचा कंगवा आहे आणि या सगळ्यांच्या वर हेन्रिक इब्सन आहे. पहिल्या चार वस्तूंनी नुकसान झालं ते घरातल्या घरात. इब्सननं माझी अब्रू नांदेडहून लातूरपर्यंत पोचवली.

खरं सांगतो, मी त्याच्या वाटेला गेलोच नव्हतो. वजिराबादेत रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मुखपृष्ठावर बाहुली असलेलं एक इंग्रजी पुस्तक दिसलं, नातीला बरं म्हणून घासाघीस करून घेतलं, घरी आणलं, नातीनं चाळून "आजोबा, यात चित्रंच नाहीत" म्हणत परत माझ्या अंगावर टाकलं, आणि गेलेले पैसे वसूल व्हावेत एवढ्याच शुद्ध हेतूनं मी ते वाचायला बसलो. आम्ही बँकवाले. रक्कम बुडीत गेली की झोप लागत नाही.

चार पानं वाचली आणि मी खुर्चीत ताठ झालो. हे नाटक कसलं, हे तर कर्जप्रकरण! नोरा नावाची बाई आजारी नवऱ्याला हवापालटासाठी इटलीला न्यायचं म्हणून त्याच्या नकळत 4,800 क्रोनर उचलते, जामीनदार म्हणून बापाची सही स्वतःच्या हातानं ठोकते, आणि बाप वारलेला असतो 29 सप्टेंबरला तर कागदावर सहीची तारीख 2 ऑक्टोबर! माझी उभी हयात सह्या ताडून बघण्यात गेली. मयत जामीनदार तीन दिवसांनी उठून सही करतो आणि सावकार मुकाट पैसे मोजतो, हे वाचून अंगावर काटा आला. त्यातून 2 ऑक्टोबर. आमच्याकडे त्या दिवशी जिवंत माणसाचीसुद्धा सही होत नाही.

मग मी इब्सनचा पिच्छाच पुरवला. जन्म 1828, नॉर्वेतलं शीएन गाव. बापाचा धंदा बुडाला आणि पोराला कोवळ्या वयात ग्रिमस्टाड नावाच्या लहानशा गावी औषधाच्या दुकानात उमेदवारीला धाडलं. तिथं रात्री जागून त्यानं पहिलं नाटक लिहिलं, 1850 साली ते टोपणनावानं छापून आलं, प्रती खपेनात, उरलेला गठ्ठा रद्दीत गेला. पुढं क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, एका नाटकगृहाचा कारभार हाती आला, तर 1862 साली त्या नाटकगृहाचं दिवाळं वाजलं. 1864 मध्ये वैतागून त्यानं देश सोडला तो 27 वर्षं इटली आणि जर्मनीत राहिला, आणि तिकडं बसून नॉर्वेतल्या बंद घरांमधली भांडणं जगासमोर मांडत राहिला. म्हातारपणी मायदेशी परतला तेव्हा एवढा मोठा झाला होता की रोज ठरल्या वेळी ग्रँड कॅफेकडं निघाला की लोक म्हणे त्याच्यावर घड्याळं लावत, आणि केस ठाकठीक असावेत म्हणून स्वारीनं टोपीच्या आतल्या बाजूला आरसा बसवून घेतला होता. रद्दी, दिवाळं आणि घरातली भांडणं, या तीन अटी मी आधीच पुऱ्या करत होतो. राहिला होता फक्त आरसा.

आमच्या कॉलनीत एक हौशी नाट्यमंडळ आहे. तिथं जाऊन मी जाहीर केलं की यंदा स्पर्धेत इब्सन, आणि इब्सनला मराठीत आणण्याचा मान नांदेडचा. आता नांदेड म्हणजे नरहर कुरुंदकरांचं गाव. पीपल्स कॉलेजच्या त्या प्राचार्यांनी असली परंपरा घालून दिली आहे की इथं पानवालासुद्धा चुना लावता लावता दोन शब्द साक्षेपानं बोलतो. मंडळातले एक निवृत्त मराठीचे सर चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, तुम्हाला जरा उशीर झाला. अनंत काणेकरांनी याच नाटकाचं 'घरकुल' 1941 सालीच केलंय. पुढच्या वर्षी रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं, त्यातली भानुमतीही नोराच्याच वळणाची."

मी म्हटलं, "ते असेल हो, पण नॉर्वे पहिल्यांदा..."

"नॉर्वे तर 1933 सालीच आला. 1 जुलैला 'नाट्यमन्वंतर'नं मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' केलं. वर्तकांचं रूपांतर, मूळ नाटक ब्यर्नसनचं. बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे होत्या त्यात. मराठी रंगभूमीनं तिथं कूस बदलली."

हा ब्यर्नसन म्हणजे इब्सनचा समकालीन, मित्र आणि भांडखोर सोबती. दोघांची वर्षानुवर्षं बोलचाल बंद असे. 1903 चं नोबेल ब्यर्नसनला मिळालं, इब्सनला कधीच नाही. पण त्याआधी 1892 मध्ये इब्सनच्या मुलानं ब्यर्नसनच्या मुलीशी लग्न केलं आणि हे दोन महारथी एकमेकांचे व्याही झाले. हे ऐकून मंडळातल्या सगळ्या बायका एकदम सावरून बसल्या. इतका वेळ नॉर्वे त्यांना परका वाटत होता.

काणेकरांचं रूपांतर हाताशी असताना मी ते घ्यावं की नाही? मी स्वतः रूपांतर केलं. नोराची नलू झाली, हेल्मरचा हेमंतराव, सावकार क्रोगस्टाड कृष्णाजी झाला. मूळ नाटकात नोरा नवऱ्याला चोरून बदामाची बिस्किटं खाते, ती मी बालूशाही केली. नवऱ्यानं टपालपेटी उघडू नये म्हणून ती जो इटालियन नाच नाचते, त्याच्या जागी नवरात्रातला गरबा घातला. टपालपेटीची किल्ली मात्र नवऱ्याच्याच खिशात ठेवली. वाचन झालं, तसा हेमंतराव कोणी करायचा हा प्रश्न आला. मला कृष्णाजी करायचा होता, कारण त्याला निदान कागदपत्रांतलं कळतं. पण सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडं वळल्या. घरी आल्यावर मी हिला म्हटलं, "अवघड भूमिका आहे गं. स्वतःला फार शहाणा समजणारा, बायकोला लहान मूल समजणारा नवरा उभा करायचाय." ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अभिनय करायच्या भानगडीत पडू नका. रोजच्यासारखं बोला."

आता दाराचं सांगतो. या नाटकाचा सगळा जीव शेवटच्या दारात आहे. नवऱ्याचं खरं रूप कळल्यावर नोरा घर सोडून जाते आणि बाहेरचं दार धाडकन बंद होतं. 1879 च्या डिसेंबरात कोपनहेगनला ते दार वाजलं आणि त्याचा आवाज सगळ्या युरोपात घुमला, असं मी सगळीकडं वाचत होतो. तेव्हा दार दमदार हवं. इतवाऱ्यातल्या सुताराकडून चौकटीसकट दार करून घेतलं. ते सुबक झालं, पण त्याच्या बिजागऱ्यांवर माझा विश्वास बसेना, म्हणून मी दिग्दर्शक या नात्यानं हुकूम काढला की शेवटपर्यंत त्या दाराला कोणी हात लावायचा नाही, सगळ्यांनी विंगेतून यायचं, विंगेतून जायचं. रंगाऱ्याचे पैसे वाचावेत म्हणून प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी स्वतः त्याला चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि रंगाला बोटं लागू नयेत म्हणून दार घट्ट लावून घेतलं. रंग उत्तम होता. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला, दार आणि चौकट यांच्या मधल्या फटीतसुद्धा.

शिवाय खबरदारी म्हणून, खऱ्या दाराचा आवाज कमी पडला तर काय, या विचारानं विंगेत एका पोराला सागवानी फळी देऊन उभा केला होता. वाक्य संपलं की फळी जमिनीवर हाणायची. प्रॉम्प्टिंगला ही. दुसरं कोणी रात्री अकरापर्यंत थांबायला तयार नव्हतं.

प्रयोग सुरू झाला. पहिल्याच अंकात नलूनं पदराआडची पुडी सोडली, तर आत बालूशाहीचा फक्त पाक. बालूशाही मेकअपच्या खोलीत कधीच संपली होती. बिचारी बोटं चाटत गोड हसली, आणि प्रेक्षकांना वाटलं हाच अभिनय. माझी वाक्यं माझ्याआधी तिसऱ्या रांगेला ऐकू जात होती, कारण आमची ही प्रॉम्प्टिंग करते ती चार घरं पलीकडच्या बाईला दळणाचं विचारावं अशा पट्टीत. कृष्णाजीची कल्ल्यांची एक बाजू घामानं सुटली आणि धमकी देता देता त्यानं ती खिशात ठेवली. तरी नाटक पुढं सरकत होतं, सरकत सरकत शेवटच्या प्रवेशापर्यंत आलं, नलू आणि मी समोरासमोर बसलो, आता ती मला आठ वर्षांच्या संसाराचा हिशेब ऐकवणार, आणि नेमकी तिथं नलू अडकली. पुढचं वाक्य आठवेना. तिनं विंगेकडं बघितलं. विंगेतून वाक्य आलं. नलूनं म्हटलं. दुसरं आलं, तेही म्हटलं. तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की हिच्या हातातली वही मिटलेली आहे.

नलू बोलत राहिली. तिरुपतीला नेतो म्हणून दर उन्हाळ्यात सांगितलंत. माहेरी जायचं म्हटलं की तुमचं पोट दुखतं. पगार किती ते मला निवृत्तीच्या दिवशी कळलं. इब्सनच्या नाटकात सासूबाईंच्या चष्म्याचा उल्लेख नाही, आमच्या प्रयोगात तो दोनदा आला. मी समोर बसून घामाघूम होत ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक जाणकारानं मला सांगितलं की त्या प्रवेशात तुमच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी दिसलं.

अखेर नलू उठली. बॅग उचलली. दारापाशी गेली आणि दार ओढलं. दार ढिम्म. तिनं ढकललं. भिंत हलली, भिंतीवरची तसबीर खाली आली, दार जागचं हललं नाही. तिनं बॅग खाली ठेवून दोन्ही हात लावले, एक पाय चौकटीला टेकवला आणि त्याच क्षणी विंगेतल्या गुणी पोरानं ठरल्याप्रमाणं फळी हाणली. धाड! प्रेक्षागृह दणाणलं. साऱ्या जगाला हादरवणारं दार नांदेडात वाजलं आणि नलू अजून दिवाणखान्यात. आता माझं वाक्य होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं ते गिळलं असतं. पण मी पाठ करून आलो होतो. तिच्याकडं बघत, भरल्या गळ्यानं मी म्हणालो की ती गेली, घर सुनं झालं. नलूनं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पदरानं घाम पुसला आणि सोफ्यावर बसत म्हणाली, "जाऊ द्या. चहा टाकते."

पडदा.

टाळ्या थांबेनात. एकानं भेटून सांगितलं की, "मूळ शेवट उलटा फिरवण्याचं धाडस फार कमी दिग्दर्शक करतात. आपल्याकडच्या बाईला दारच उघडत नाही, हे तुम्ही फार सूचक दाखवलंत." मी नम्रपणे मान हलवली. रंगाचे हात माझेच होते.

नंतर वाचताना कळलं की नोराला घरात ठेवणारा मी पहिला नाही. 1880 साली जर्मनीतल्या एका मोठ्या नटीनं, मी माझ्या मुलांना कधीच टाकून जाणार नाही, असं म्हणत तो शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सननं स्वतः दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि थांबते. त्या शेवटाचा त्याला कायम तिटकारा होता. आणि जिच्यावरून नोरा सुचली ती लॉरा कीलर तर खरी बाई होती. नवऱ्याच्या क्षयाच्या उपचारासाठी तिनं गुपचूप कर्ज काढलं, ते फेडताना खोट्या कागदापर्यंत गेली, आणि उघडकीला आल्यावर नवऱ्यानं तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात केली. पुढं ती त्याच घरी परत आली. नाटकातली नोरा बाहेर पडली, खरीला दार उघडलं नाही. हे मी हिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आणि त्या इब्सननं तिला काय दिलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही तिरुपतीला जाऊन आलो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी सासुरवाडी लातूर. नाटकाची कीर्ती तिथं पोचली, ती नेमकी कुठल्या स्वरूपात ते विचारू नका, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मेहुण्याचा फोन आला की, "दाजी, आमच्या वाचकमंडळात व्याख्यान द्या. आता इब्सन म्हणजे तुम्हीच." लातूरचा तो उन्हाळा आठवतो ना? धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचं 144 कलम लागलेलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं. 'जलदूत' तिचं नाव. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सासुरवाडीत माझ्या आंघोळीला अर्धी बादली मिळाली आणि सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू म्हणून बरं का."

अशा गावात मी विषय कुठला निवडावा? 'एनिमी ऑफ द पीपल'. इब्सनचं 1882 चं नाटक. एका गावात औषधी स्नानगृहं असतात, साऱ्या गावाचं पोट त्यांच्यावर. डॉक्टर स्टॉकमन पाणी तपासून घेतो तर ते दूषित निघतं, वरच्या अंगाला चामडं कमावण्याचे कारखाने. डॉक्टरला वाटतं गाव सत्कार करील. गावाचा महापौर हा त्याचा सख्खा भाऊ, तो म्हणतो दुरुस्तीला दोन वर्षं लागतील, खर्च कोण करणार, गप्प बस. पाठीशी असलेला संपादक ऐनवेळी टोपी फिरवतो, भरसभेत डॉक्टरला जनतेचा शत्रू ठरवतात, घरावर दगड पडतात आणि झटापटीत त्याची पँट फाटते. सत्यजित राय यांनी 1989 साली यावर 'गणशत्रू' काढला आणि पाणी केलं देवळातल्या तीर्थाचं. थोर विषय. मी मेहुण्याला फोनवर सांगितलं, "फ्लेक्सवर फार मजकूर नको. नाटकाचं नाव मराठीत, माझं नाव, फोटो, आणि खाली विषय: पाणी."

गंजगोलाईच्या वाटेवर फ्लेक्स लागला. वर लाल अक्षरांत 'जनतेचा शत्रू'. खाली माझा हसरा फोटो. त्याखाली माझं नाव. त्याखाली 'पाणी'. इब्सनला जागा उरली नव्हती.

माझ्या व्याख्यानाला पाचाच्या वर माणसं जमतील अशी भीती आजवर कुठल्याही प्रशासनाला वाटली नव्हती. त्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका होत्या, म्हातारे होते, एकदोघांच्या हातात रिकामी घागर होती. मी भारावलो. इब्सनसाठी एवढा समाज! नॉर्वे, डॉक्टर, जंतू, महापौर असा रंगात आलो, तोच एक आजोबा उठले. "साहेब, त्या गावाला पाणी होतं का?"

"होतं की. पण दूषित होतं."

"होतं ना?" आजोबांनी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. "मग भांडण कामून?"

जगातल्या एकाही समीक्षकानं या नाटकावर एवढा नेमका प्रश्न विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पाठोपाठ एक बाई टँकर न आलेल्या गल्ल्यांची यादी घेऊन मंचावर आल्या आणि सही मागू लागल्या. डॉक्टर स्टॉकमन असता तर त्यानं सत्य सांगितलं असतं की बाई, मी पाणीखात्याचा नाही, मी निवृत्त कारकून आहे. मी यादीवर सही केली. सवयच ती. खाली तारीखही टाकली.

रात्री झोप येईना. यादी उद्या कुठं पोचेल, फ्लेक्स सकाळी कोणकोण वाचेल, या विचारात पहाटे उठलो, एकट्यानं जाऊन फ्लेक्स उतरवायला खांबाच्या चौकटीवर चढलो, एक दोरी सोडली, दुसरी सोडताना चौकटीच्या खिळ्यात पँट अडकली आणि टर्रकन गुडघ्यापर्यंत फाटली. तेवढ्यात खालून आवाज आला, "काय करलालाव, वर?" दूधवाला होता. त्यानं फ्लेक्सवरचा फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग सायकल स्टँडला लावून शांतपणे म्हणाला, "हळू उतरा. खाली नाली आहे." जनतेच्या शत्रूला जनतेनं हात देऊन उतरवलं.

इब्सनच्या डॉक्टरची आणि माझी पँट सारखीच फाटली, हे मी घरी अभिमानानं सांगितलं. हिनं सुईत दोरा ओवता ओवता फरक सांगितला. त्याची सत्य बोलताना फाटली होती.

तेव्हा माझं सगळ्या हौशी मंडळांना सांगणं आहे की इब्सन जरूर करा. गावच्या वाचनालयात 'घरकुल' मिळालं तर तेच घ्या, माझ्यासारखं रूपांतर करत बसू नका. नोरा शोधायला लांब जावं लागणार नाही, गल्लीगल्लीत आहेत. अडतं ते हेल्मरपाशी, कारण प्रत्येक पुरुषाला डॉक्टर स्टॉकमन व्हायचं असतं. कोणीच मिळालं नाही तर मला कळवा. मानधन नको, कपडे माझे मी आणीन, आणि तालमीचं म्हणाल तर ती आमच्या घरी लग्नापासून चालूच आहे.